दहा पौंडांचं ट्रॉय : एका फ्लेमिश पडद्याचे मालक

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा लोकलच्या गर्दीत ज्यांचे इअरफोन सापडत नाहीत, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी अवतार. बोलताना झालेली पाल्हाळ थोडी कापली आहे, बाकी गोष्ट तीच.

आज एका कापडाची गोष्ट. साधंसुधं कापड नाही हं. जवळपास साडेनऊ मीटर रुंद, पावणेपाच मीटर उंच, म्हणजे दीड मजला उंचीचं. आणि असे एक-दोन नाही, अकरा पडदे. सगळे शेजारी शेजारी लावले तर शंभर मीटरच्या पुढे जातात. या शंभर मीटरवर विणलं होतं ट्रॉयचं युद्ध : हेलनचं अपहरण, हेक्टर, अकिलीस, ती घोड्याची युक्ती आणि शेवटी जळणारं शहर.

पंधराव्या शतकात युरोपातल्या राजांमध्ये हा संच आपल्याकडे असावा म्हणून चढाओढ होती. आणि १८२० साली लंडनमध्ये यातलेच काही पडदे विकले गेले १० पौंडांना. हो, दहा. आपल्याकडे जुन्या साड्या बोहारणीला देऊन पातेलं घ्यायचे ना, जवळपास तसाच व्यवहार.

राजवाड्यापासून बोहारणीपर्यंतचा हा प्रवास कसा झाला? वाटेत काय वाचलं, काय गेलं, आणि कुणामुळे? चला, बघूया.

आधी हे कापड समजून घेऊ

याला म्हणतात टॅपेस्ट्री. मराठीत भित्तिवस्त्र म्हणता येईल, पण आपण सरळ पडदा म्हणू. एक गैरसमज सुरुवातीलाच दूर करतो : हे भरतकाम नाही. आधी कापड आणि मग त्यावर सुई, असं इथे होत नाही. चित्र आणि कापड एकाच वेळी तयार होतं. मागावर उभे धागे ताणलेले असतात, म्हणजे ताणा. आडवा रंगीत धागा, म्हणजे बाणा, या काठापासून त्या काठापर्यंत जात नाही. लाल रंग जिथे हवा तेवढ्यातच लाल धागा फिरतो आणि परत येतो, शेजारी निळा सुरू होतो.

ओळखीचं वाटतंय? पैठणीच्या पदरावरचा मोर असाच विणतात. तत्त्व तेच. फरक एवढाच की येवल्याचा विणकर मोर विणतो, आणि हे लोक लोकर आणि रेशीम वापरून घोड्यांसकट अख्खं सैन्य विणत होते.

काम किती वेळखाऊ? एक विणकर महिन्याला साधारण एक चौरस मीटर, असा ढोबळ हिशोब धरू. आपला एक पडदा पंचेचाळीस चौरस मीटरच्या आसपास. अकरा पडद्यांचे झाले जवळजवळ पाचशे. म्हणजे एकट्या माणसाने विणायचं म्हटलं तर चाळीस वर्षं! अर्थात एका मागावर पाच-सहा जण शेजारी शेजारी बसायचे आणि एकाच वेळी अनेक माग चालायचे. पण मजुरीचा अंदाज आला ना? त्या काळात चित्र ही तुलनेने स्वस्त गोष्ट होती. खरी श्रीमंती दाखवायची तर भिंतीवर टॅपेस्ट्री हवी. दगडी महालात तिने थोडी ऊबही यायची, आणि राजा दुसऱ्या गावी निघाला की गुंडाळून गाड्यावर टाकता यायची. थोडक्यात, फिरता राजवाडा.

तूर्नेचा व्यापारी

ही गोष्ट सुरू होते तूर्ने नावाच्या शहरात. आज ते बेल्जियममध्ये आहे. गंमत म्हणजे त्या काळी ते फ्लँडर्सच्या काउंटचं नव्हतं, फ्रान्सच्या राजाच्या ताब्यात होतं. पण त्या सगळ्या पट्ट्यातल्या कामाला जगाने सरसकट ‘फ्लेमिश’ नाव दिलं, आणि तेच टिकलं.

या शहरात पास्किए ग्रेनिए नावाचा व्यापारी होता. तो स्वतः मागावर बसत नसे. त्याचं डोकं धंद्याचं. चित्रकाराकडून आराखडे करून घ्यायचे, त्यावरून मोठ्या मापाचे नमुने बनवायचे, विणकरांना काम द्यायचं, भांडवल आपलं लावायचं, आणि तयार माल राजेरजवाड्यांना विकायचा. मूळ आराखड्यांपैकी आठ चित्रं आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहेत. साधारण १४६५ च्या सुमाराची.

आता इथे एक मुद्दा नीट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. नमुना एकदा हातात आला की त्यावरून कितीही वेळा विणता येतं. म्हणजे ‘ट्रॉयचा पडदा’ जगात एकच नव्हता. एक संच या राजाला, दुसरा त्या ड्यूकला. मोनालिसा एकच असते. इथे ‘ओरिजिनल कुठला?’ हा प्रश्नच नीट बसत नाही. सगळेच अस्सल.

पहिला मोठा मालक : शार्ल

१४७२. ब्रूज शहर आणि त्याच्या आजूबाजूच्या मुलखाने मिळून ग्रेनिएकडून ट्रॉयचा अकरा पडद्यांचा संच विकत घेतला आणि आपल्या मालकाला, बर्गंडीचा ड्यूक शार्ल याला भेट दिला. या शार्लला इतिहासात ‘धाडसी’ म्हणतात. त्याच्याबद्दल वाचलं की ‘आततायी’ जास्त शोभेल असं वाटतं.

पण ट्रॉयच का? विचार करा, ट्रॉयवाले हरले होते! शहर जळलं, राजा मारला गेला, बायका गुलाम झाल्या. अशी हरण्याची गोष्ट आपल्या दरबारात कोण लावेल?

उत्तर आहे वंशावळीत. आपल्याकडे राजघराणी आपलं नातं सूर्यवंशाशी, चंद्रवंशाशी जोडायची. तसं मध्ययुगीन युरोपात नातं जोडायचं ट्रॉयशी. ट्रॉयमधून निसटलेला इनिअस इटलीत गेला, त्याच्या वंशजांनी रोम वसवलं, ही कथा तर रोमन लोकांनीच रुजवलेली. मग फ्रान्सवाले म्हणाले, आमचा मूळपुरुष फ्रँकिऑन, तोही ट्रॉयचाच. इंग्लंडवाले म्हणाले, आमचा ब्रूटस, इनिअसचा पणतू, त्याच्यावरून ब्रिटन. म्हणजे ज्याच्या भिंतीवर ट्रॉय, तो पाहुण्यांना न बोलता सांगत होता : आमचं घराणं जुनं आहे बरं का!

बर्गंडीच्या दरबाराला तर ग्रीक पुराणकथांचं वेडच होतं. शार्लच्या बापाने १४३० मध्ये सरदारांची एक मानाची संघटना काढली, तिचं नाव ‘सोनेरी लोकर’, जेसनच्या कथेवरून. आणि इंग्रजी भाषेत छापलं गेलेलं पहिलं पुस्तक माहितीये कुठलं? ट्रॉयच्या कथांचं! विल्यम कॅक्स्टनने फ्रेंचवरून भाषांतर केलं, आणि १४७३-७४ च्या सुमारास छापलं. प्रोत्साहन कुणाचं? शार्लची बायको मार्गारेटचं. एकाच दरबारात एक कथा कापडावर आणि कागदावर जवळपास एकाच वेळी उतरत होती.

बरं, ही कथा होमरची नाही. पश्चिम युरोपात तेव्हा मूळ ग्रीक होमर वाचणारे अगदी विरळ. त्यांचं ट्रॉय आलं बाराव्या शतकातल्या एका फ्रेंच दीर्घकाव्यातून आणि तेराव्या शतकातल्या एका लॅटिन गद्य ग्रंथातून. या कथांचा कल ट्रॉयकडे. त्यामुळे आपल्याला ठाऊक असलेल्या काही गोष्टी इथे नाहीतच. अकिलीसच्या टाचेत बाण? विसरा. इथे अकिलीस ट्रॉयच्या राजकन्येच्या, पोलिक्सेनाच्या प्रेमात पडतो, लग्नाच्या बोलणीला म्हणून देवळात येतो, आणि तिथे पॅरिस त्याला गाठून ठार करतो. पडद्यावर हेच विणलंय. आणि सगळ्यांच्या अंगावर चिलखतं कुठली? प्राचीन ग्रीसची नाही, चक्क पंधराव्या शतकातली! हेक्टर बघून शार्लला आपलाच सरदार दिसायला हवा ना.

शार्लचं पुढे काय झालं? १४७६ मध्ये ग्रांसोंच्या लढाईत स्विस सैन्याने त्याला असा पळवला की तंबू, दागिने, सगळं मागे राहिलं. त्याच्या घराण्याचं चिन्ह असलेली एक फुलाफुलांची टॅपेस्ट्री आजही स्वित्झर्लंडमध्ये, बर्नच्या संग्रहालयात आहे, लुटीतली. पुढच्याच जानेवारीत नान्सीला तो लढाईत मेला. प्रेत काही दिवसांनी गोठलेल्या चिखलात सापडलं. स्वतःला ट्रॉयचा वारस म्हणवणाऱ्याचा शेवट ट्रॉयसारखाच झाला.

हेन्रीला घाई होती

शार्लकडे आहे म्हटल्यावर बाकीच्यांनाही हवं झालं. इटलीत उर्बिनोच्या ड्यूकने संच घेतला. फ्रान्सच्या आठव्या शार्लकडे होता. आणि १४८८ मध्ये ग्रेनिएच्या मुलाकडून एक संच घेतला इंग्लंडच्या सातव्या हेन्रीने.

या हेन्रीची गरज समजून घ्या. तीनच वर्षांपूर्वी, १४८५ ला, बॉसवर्थच्या रणात राजाला मारून हा गादीवर बसला होता. रक्ताच्या नात्याने त्याचा हक्क तसा लंगडाच. म्हणून हा गडी दंतकथांना हात घालत होता. पहिल्या मुलाचं नाव ठेवलं आर्थर. आणि भिंतीसाठी घेतलं ट्रॉय. ज्याची गादी डळमळीत, त्याला भक्कम पूर्वज लागतात. हे काही तेव्हापुरतंच खरं नाही, असो!

वेस्टमिन्स्टरची भिंत

लंडनला वेस्टमिन्स्टरच्या जुन्या राजवाड्यात एक दालन होतं, ‘पेंटेड चेंबर’, म्हणजे रंगवलेला महाल. तेराव्या शतकात तिसऱ्या हेन्रीने त्याच्या भिंतींवर चित्रं काढून घेतली होती. पुढे चित्रं विटली, त्यांच्यावर सफेदी चढली, आणि भिंतींवर आले ट्रॉयचे पडदे, बहुधा सातव्या हेन्रीच्याच संचातले. म्हणजे एका राजाच्या वैभवावर दुसऱ्या राजाचं वैभव टांगलं.

अठराव्या शतकापर्यंत हे पडदे तिथे होते. पण आता राजा तिथे राहत नव्हता. तो भाग संसदेच्या वापरात होता. पडद्यांकडे कोण बघणार? मळले असतील, रंग उडाले असतील. जॉन कार्टर नावाचा एक माणूस मात्र बघत होता. जुन्या इमारतींचा वेडा, बदल दिसला की चिडणारा. त्याने या पडद्यांची चित्रं काढून ठेवली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

१८०० च्या सुमारास आयर्लंडचा ब्रिटनमध्ये विलय व्हायचा होता. आयरिश सरदार आणि खासदार येणार, जागा हवी, म्हणून इमारतीत बदल सुरू झाले. पडदे उतरवले, गुंडाळले, ठेवून दिले. वीस वर्षं तसेच. आणि १८२० मध्ये यार्नल्ड नावाच्या गृहस्थांना विकून टाकले, १० पौंडांना. त्यांच्या मृत्यूनंतर ते त्याहूनही कमी पैशात पुढे गेले. आणि मग गायब. तिथून पुढे त्यांचा माग लागत नाही.

आता पुढचं ऐका. पडदे गेल्यामुळे भिंती मोकळ्या झाल्या. १८१९ मध्ये दुरुस्ती करताना सफेदीखालून ती तेराव्या शतकातली चित्रं परत दिसली! लोक हरखले, नकला काढल्या. आणि पंधरा वर्षांनी, १६ ऑक्टोबर १८३४ ला, वेस्टमिन्स्टरला मोठी आग लागली. कारण काय, तर सरकारी हिशोबाच्या जुन्या लाकडी खुणेच्या काठ्या भट्टीत जाळत होते, त्या जरा जास्तच पेटल्या. चित्रं गेली.

म्हणजे त्या एका दालनातल्या दोन्ही खजिन्यांचं आज काय उरलं? कुणीतरी वेळेवर काढून ठेवलेल्या नकला. मालकांनी जे गमावलं ते वहीवाल्यांनी थोडंफार राखलं. कार्टर मालक नव्हता. त्याच्याकडे फक्त कागद होता आणि चीड होती.

जे वाचलं ते कुठे वाचलं?

सुदैवाने इतर संचांचे काही पडदे आणि तुकडे शिल्लक आहेत. आणि ते कसे राहिले यातच खरी गोष्ट आहे.

पहिलं ठिकाण : स्पेनमधलं सामोरा. छोटं शहर, जुनं कॅथेड्रल. १६०८ मध्ये आल्बा दे अलिस्तेच्या काउंटकडून तिथे ट्रॉयचे चार पडदे आले : हेलनचं अपहरण, अकिलीसचा तंबू, अकिलीसचा मृत्यू आणि ट्रॉयचा विनाश. आज, चारशे वर्षांनीही, ते तिथेच आहेत. जवळून पाहिलं तर वरच्या काठाला फ्रेंच ओळी आणि खाली लॅटिन ओळी, दोन्ही विणलेल्या. शिवाय पात्रांच्या अंगावर त्यांची नावं! गर्दीत कोण कुठला हे कळावं म्हणून. एका परीने सबटायटल्सच.

दुसरं ठिकाण : लंडन. हो, तेच लंडन! विकून टाकल्यावर त्यांना दुसऱ्या संचातला पडदा विकत घ्यावा लागला. हा फ्रान्समध्ये बायार नावाच्या प्रसिद्ध योद्ध्याच्या वाड्यात होता. ज्याला ‘निर्भय आणि निष्कलंक’ सरदार म्हणायचे, तोच बायार. एकोणिसाव्या शतकात तो पडदा वाड्याबाहेर पडला, १८३०च्या दशकात अशील ज्युबिनाल या अभ्यासकाने त्याची माहिती चित्रांसह छापली, आणि १८८७ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टन संग्रहालयाने तो घेतला. आज त्याच संग्रहालयाला आपण व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्हणतो.

या पडद्यावर आहे पेंथेसिलिया, अमॅझॉन स्त्रियांची राणी. हेक्टर मेल्यावर ती ट्रॉयच्या मदतीला येते. डावीकडे ती म्हाताऱ्या राजा प्रियामसमोर गुडघा टेकून उभी, मध्ये तुंबळ लढाई आणि त्यात ती तलवार चालवताना. आणि उजवीकडे एका तरुणाला चिलखत चढवतायत. तो आहे पिरस, अकिलीसचा मुलगा. या कथेत पुढे तोच तिला मारणार आहे. एकाच कापडावर तिचं येणं, तिचं लढणं आणि तिच्या मृत्यूची तयारी. पाहणाऱ्याला माहीत आहे, तिला माहीत नाही. हा पडदाही पूर्ण नाही बरं. उंची-रुंदी दोन्ही कमी झालेली, सात मीटरच्या थोडी पुढे उरलीये.

तिसरं : न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन संग्रहालय. तिथे तुकडे आहेत. हेक्टर युद्धाला निघालाय आणि बायको अँड्रोमॅकी त्याला जाऊ नको म्हणून विनवतेय. तुम्ही ‘ट्रॉय’ सिनेमा पाहिला असेल तर तो प्रसंग आठवेल. राजवाड्यासाठी विणलेली ती विनवणी आज तुकड्यांत उरली आहे.

आणखी एक. फ्रेंच क्रांतीनंतर, १७९७ मध्ये, सरकारने राजघराण्याच्या कित्येक टॅपेस्ट्री चक्क जाळल्या. का? त्यात सोन्या-चांदीचा धागा होता. राख चाळून धातू काढायचा. आपल्याकडे खऱ्या जरीच्या जुन्या साड्या वितळवल्या जातात ना, तसंच. लंडनचा आपला पेंथेसिलियाचा पडदा लोकर आणि रेशमाचा. जाळून हाती काहीच लागलं नसतं. सगळ्यात महागडं कापड सगळ्यात आधी गेलं, आणि वितळवण्यासारखं ज्यात काही नव्हतं त्याला निदान त्या भट्टीची भीती नव्हती.

मग मालक कोण?

संग्रहालयात वस्तूखाली एक पाटी असते. आपण वरची ओळ वाचतो : काय आहे, कधीचं आहे. फोटो काढतो, पुढे जातो. पाटीच्या तळाशी बारीक अक्षरात आणखी एक ओळ असते : अमक्याची देणगी, तमक्या साली खरेदी. पुढच्या वेळी ती ओळ आधी वाचा. मग तो इंग्लंडमधला पडदा असो की मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली मूर्ती. हे आधी कुणाकडे होतं? त्याने ते विकलं, दिलं, की त्याच्याकडून नेलं? मधली शंभर वर्षं पाटीवर का नाहीत? मालकांच्या या साखळीला अभ्यासक फार जपतात. कारण चोरी, लूट, जबरदस्तीची विक्री, सगळं याच साखळीच्या तुटलेल्या कड्यांमध्ये लपलेलं असतं.

आणि आपल्या पडद्यांची साखळी काय सांगते? शार्लने स्वतःला हेक्टर समजून तो मिरवला, हेन्रीने पूर्वज म्हणून लावला. ज्यांना ट्रॉय स्वतःसाठी हवं होतं त्यांच्यापैकी एकाच्याही घराण्याकडे आज ते नाही. ते राहिलं एका लहान शहराच्या देवळात, एका सरदाराच्या आडबाजूच्या वाड्यात, आणि एका चिडक्या माणसाच्या चित्रांत. पाचशे चौरस मीटर कापड विणून बोटं झिजवलेल्या त्या विणकरांची नावं तर या साखळीत कुठेच नाहीत. पात्रांची नावं मात्र त्यांनी एकेक धागा घालून नीट विणून ठेवली.

तर मंडळी, तुमच्या घरी, गावी, एखाद्या ट्रंकेत असं काही पडलं असेल : जुना शालू, हाताने शिवलेली गोधडी, पणजीची चंद्रकळा. ते कुणी घेतलं, कुणी नेसलं, कुणाकडून कुणाकडे आलं, हे सांगणारं माणूस अजून घरात आहे का? असेल तर या आठवड्यात त्यांच्याजवळ बसा, फोनचा रेकॉर्डर चालू करा आणि विचारा. बोहारीण यायच्या आधी.

पुढच्या भागात भेटू. तोवर ऐकत राहा, वाचत राहा!